सांडव्यात गोण्या लावू नका

गेल्या आठवड्यात मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. "काका, नंदुरबारकडच्या शेतात आजोबांनी नाल्यावर मातीचा बांध घातलाय. पाणी जास्त साठावं म्हणून यंदा सांडव्यात वाळूच्या गोण्या लावायचं चाललंय. लावू का?" पाटबंधाऱ्यात नोकरी केलेल्या माणसाचं याला एकच उत्तर: अजिबात नको.

सांडवा म्हणजे जादा पाण्याला बाजूने सुखरूप जायला ठेवलेली वाट. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहिलं तर चालतं, मातीच्या बांधावरून नाही. उतार धुपतो, माथा खचतो आणि बघता बघता खिंडार पडतं. मोरबीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं. पूर दरवाजांच्या आवाक्याबाहेरचा होता, पाणी बाजूच्या मातीच्या भिंतींवरून गेलं. आपल्या उकाईचाही मोठा भाग मातीचाच आहे. त्यामुळे पातळी हद्दीपलीकडे चढू लागली की दरवाजे उघडावेच लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेत ते पाणी कुठवर आलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. (आधीपासून थोडं थोडं सोडायला हवं होतं का, हा वाद वेगळा.)

बांध हवाच, याबद्दल दुमत नाही. खालच्या विहिरींना पाझर मिळतो, रब्बीला एखाददुसरं पाणी देता येतं, गुरांची सोय होते, पाणी टिकलं तर रोहू-कटलाही सोडता येतात. पण तो राखावा लागतो, आणि आपण तर इकडे उधना-लिंबायतला.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा बांधावरून एक चक्कर मारा. माथा मध्येच खचलाय का? घुशी-खेकड्यांची बिळं आहेत का? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि लोक हसले. बिळांनी बांध पोकळ होतो हे खरंच आहे, पण बिळं बुजवायची जबाबदारी खेकड्याची नसते. गळतीची तक्रार तिथल्या गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. बांधावर बाभूळ-निंब वाढू देऊ नका. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. गवत मात्र राहू द्या, ते माती धरून ठेवतं.

पावसाळ्यात गावच्या माणसाला फोनवर एवढंच विचारा: पायथ्याशी पाझरणारं पाणी नितळ आहे की गढूळ? नितळ असेल तर नजर ठेवायची. गढूळ असेल तर आतली माती वाहून चाललीय. मग लगेच जाणकार बोलवा, सुरक्षितपणे जमेल तसं तळं उतरवा आणि खालच्या लोकांना उठवा.

प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर धोका वेगळा. कडा इतक्या निसरड्या असतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कुंपण हवं, आणि काठाला घट्ट बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर हवा. सुट्टीत शहरातून गेलेल्या पोरांना हे आधीच सांगा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. तुमच्या शेतातल्या चार मीटरच्या बांधाची तपासणी करायला त्या कायद्याने कोणी येणार नाही. बांधाखाली ज्यांची घरं आहेत त्यांचे नंबर बाबांच्या मोबाईलमध्ये आहेत का, ते आजच बघा.