नवी मुंबई ते लंडन : ७,२३० किलोमीटर, पण कोणाच्या आकाशातून?

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. नवा विमानतळ म्हटला की अंतरांचे तक्ते ओघानेच येतात. नवी मुंबई ते लंडनचा हीथ्रो : सुमारे ७,२३० किलोमीटर. आकडा बरोबर आहे. तो इतिहास म्हणून खपवणे मात्र चूक आहे.

मुळात हा आकडा येतो कोठून? प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. अशा दोन बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवरून त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताचा कंस काढला की किमान अंतर मिळते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तोच मार्ग दिसेल. मुंबईच्या जुन्या विमानतळापासून मोजल्यास वीसेक किलोमीटर कमी भरतात, इतकेच.

सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. १५६९ च्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर त्यांची रेघ इराण-इराकवरून सीरिया-तुर्कस्तानात शिरते. ताणलेला दोरा जातो कराचीच्या माथ्यावरून. पुढे इराण, कास्पियन, काळा समुद्र आणि युक्रेन.

कराचीचे नाव इतिहासाच्या वाचकाला थांबवील. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. लंडनचे टपाल तेव्हा इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीस येई. कराची आणि मुंबई दोन्ही एकाच राज्याखाली असल्याने या उड्डाणाला परक्या आकाशाची परवानगी मागावी लागली नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. या टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. तक्ता समोर ठेवून त्या उड्डाणाला ‘सातशे किलोमीटरांचा वळसा’ म्हणणारा भूमिती जाणतो, पण १९४४ चा शिकागो करार विसरतो. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे, हे त्या कराराचे पहिलेच कलम. विमान कोठून जाणार आणि कोठे उतरणार, हे राष्ट्रांच्या संमतीने ठरते. गोलावरच्या दोऱ्याला पारपत्र लागत नाही. विमानाला संमती लागते.

हे जुने प्रकरण आहे असेही कोणी समजू नये. बालाकोटनंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते पूर्ववत खुले व्हायला जुलै उजाडला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. मग पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावले. नवी मुंबईतून पहिले प्रवासी विमान उडाले त्या सकाळी ७,२३० किलोमीटरांची ती रेघ कराचीवरूनच जात होती. भारतीय विमानाला तिच्यावरून जाण्याची मुभा नव्हती.