आयता बिल्ड हवा, आंधळा नको

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘बिल्ड लावलाय’ हे चहाला जायचं सर्वमान्य कारण आहे. प्रोग्रामरने लिहिलेला सोर्स कोड माणसाला वाचता येतो, पण यंत्राला तो तसाच चालवता येत नाही. तो यंत्राच्या भाषेत आणायचा (म्हणजे कंपाइल करायचा), शेकडो तुकडे एकमेकांना जोडायचे आणि शेवटी चालणारी फाइल हातात घ्यायची, या सगळ्या खटाटोपाला आम्ही बिल्ड म्हणतो. पुण्यात माझं काम तेच. कोड मी फारसा लिहीत नाही. इतरांनी लिहिलेला नीट बांधून वेळेत बाहेर पडतोय ना, हे बघते.

आमचा बिल्ड पार सुरुवातीपासून लावला, तर पाऊण तास सहज जातो. त्यातला बहुतेक वेळ आम्ही न लिहिलेल्या कोडवर खर्च होतो. कुणाची एन्क्रिप्शनची लायब्ररी, कुणाची फोटो आक्रसायची, कुणाची तारखा वाचायची. काल त्या जशा होत्या तशाच आजही आहेत. मग रोज नव्याने कंपाइल कशाला करायच्या? म्हणून त्यांचे कंपाइल झालेले तुकडे एका सर्व्हरवर ठेवलेले असतात; या साठ्याला आम्ही कॅश म्हणतो. कोड, कंपायलरची आवृत्ती आणि सेटिंग्ज यांच्यावरून एक ठसा काढायचा. त्या ठशाचा तुकडा सर्व्हरवर असेल तर उतरवून घ्यायचा, नसेल तरच कंपाइल करायचं. असं केलं की पाऊण तासाचं काम चहा गाळून होईस्तोवर उरकतं. युक्ती जुनीच आहे. एकदा कंपाइल झालेलं जपून ठेवणारा ‘सीकॅश’ हा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल यांनी २००२ मध्ये लिहिला. गूगलने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या बेझल या साधनाने तर साऱ्या टीमने एकच साठा वापरायची सोय करून दिली.

या आयत्या मालाला नाक मुरडणारी एक जमात आमच्यात आहे. ‘स्वतः कंपाइल केलं तरच खरं’ असा तिचा बाणा. मला तो परवडणाऱ्यांचा बाणा वाटतो. पायथनमधली सायपाय ही गणिताची लायब्ररी घ्या. ती सोर्सपासून बांधायला वर्षानुवर्षं सी आणि फोरट्रान या दोन्हींचे कंपायलर लागत आले आहेत. पायथनमध्ये तयार तुकड्यांसाठी ‘व्हील’ या स्वरूपाचा प्रस्ताव २०१२ मध्ये आला आणि लिनक्ससाठी त्याचा समाईक साचा २०१६ मध्ये ठरला. आज तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक ओळ टाइप करते आणि पाच मिनिटांत कामाला लागते. तिला ‘आधी फोरट्रान कंपायलर बसव’ असं सांगणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. आयता माल वाईट नाही. प्रश्न आहे तो देणारा कोणत्या अटींवर देतो, याचा.

२०२३ मधली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की हा फरक नीट दिसतो. रस्ट या भाषेत ‘सर्डी’ नावाची लायब्ररी आहे. प्रोग्राममधली माहिती जेसनसारख्या स्वरूपात लिहिणं आणि वाचणं हे तिचं काम. रस्टमध्ये लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तिच्यावाचून अडतं. तिचा एक भाग असा, की तो आधी कंपाइल झाल्याशिवाय त्याच्यावर अवलंबून असलेला पुढचा कोड ताटकळत राहतो. जगभरची यंत्रं तेच काम पुन्हा पुन्हा करत होती. जुलै २०२३ मध्ये १.०.१७२ या आवृत्तीपासून त्या भागाचा तयार तुकडा ६४ बिटी इंटेल-पद्धतीच्या लिनक्ससाठी पॅकेजातच घालून यायला लागला. हेतू चांगला होता, वेळही वाचत होता. पण ‘मला तयार नको, मी माझं बांधते’ असं म्हणायची सरळ सोय ठेवलेली नव्हती. इतरांनी आधीच कंपाइल केलेलं काही वाटायचं नाही, हा फेडोरासारख्या लिनक्स वितरणांचा नियम. त्यांची तर कोंडीच झाली. गदारोळ उठला आणि ऑगस्टमध्ये १.०.१८४ या आवृत्तीत तो तुकडा काढून टाकावा लागला.

त्याच वर्षी २९ डिसेंबरला जेंटूने एक घोषणा केली. जेंटू म्हणजे लिनक्समधलं कर्मठांचं घर; सगळं आपल्या यंत्रावर, आपल्या सेटिंग्जने कंपाइल करायचं, हीच त्याची ओळख. त्या जेंटूने लिब्रेऑफिसपासून केडीई प्लाझ्मापर्यंत तयार पॅकेजं अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. त्यावर कुणी दंगा केला नाही. कारण साधं होतं. ज्याला हवं त्याने तयार घ्यावं, ज्याला नको त्याने पूर्वीसारखं बांधावं. दोन्हीकडे आयता तुकडा होता; नकार द्यायचा हक्क मात्र एकाच ठिकाणी शाबूत होता.

पण नुसत्या हक्काने भागत नाही. स्वतः बांधलं म्हणून सुरक्षित, हा भ्रमही २९ मार्च २०२४ ला फुटला. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर राबणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रावर एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. त्याचा माग काढत ते एक्सझेड या लायब्ररीपर्यंत पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतीचा हात देत विश्वास कमावला आणि मग तो बसवला. मेख अशी, की चोरदरवाजा उघडणारी एक महत्त्वाची ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा आणून ज्या लिनक्स वितरणांनी निष्ठेने स्वतः पॅकेज बांधलं असतं, त्यांतल्या अनेकांच्या हातीही तेच विष पडलं असतं.

सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण याच्या उलटं. तिथे हल्लेखोर थेट बिल्ड करणाऱ्या यंत्रात शिरले. बिल्ड चालू असतानाच ते एक फाइल बदलायचे आणि काम झालं की मूळची परत ठेवायचे. प्रोग्रामरांना आपला कोड स्वच्छच दिसत होता. तयार झालेल्या अपडेटवर कंपनीची खरीखुरी डिजिटल सही होती. डिसेंबर २०२० मध्ये हे उघडकीला आलं, तेव्हा जास्तीत जास्त १८,००० ग्राहकांकडे तो अपडेट पोचला असावा, असा खुद्द कंपनीचा अंदाज होता. सही एवढंच सांगते की माल कुणी पाठवला. आत काय आहे, याची ती हमी देत नाही.

मग हमी कशाने मिळते? एकच कोड दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर बांधला आणि शेवटची फाइल बिटगणिक सारखी निघाली, तर. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत हे जुळत नाही. आमच्याकडे एकदा असाच पडताळा लावला. दोन्ही फाइलींचा आकार सारखा, ठसे मात्र वेगळे. फरक उलगडून दाखवणारं डिफोस्कोप नावाचं साधन आहे, ते लावलं. एका फाइलच्या पोटात बिल्डची वेळ २:१४ लिहिलेली, दुसरीत २:१९. एकीत पहिल्या यंत्रावरच्या फोल्डरचा पत्ता, दुसरीत दुसऱ्याचा. शिवाय फोल्डरमधल्या फाइली प्रत्येक यंत्राने आपापल्या क्रमाने वाचलेल्या. लबाडी कुठेच नव्हती, नुसता कचरा होता. पण खरी लबाडी लपायला असाच कचरा लागतो. घड्याळाची वेळ न घेता कोडच्या शेवटच्या बदलाची तारीख वापरायची, पत्ते झाकायचे, फाइली अकारविल्हे लावायच्या. एवढं केलं आणि दोन्ही ठसे जुळले. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेला मुलगा त्याआधी मला म्हणाला होता, ‘‘मॅम, कॅशमधून आलंय म्हणजे बरोबरच असणार ना?’’ ठसे जुळताना पाहिल्यावर तो आता कॅशमध्ये ते कुणी टाकलं, हे आधी विचारतो.

डेबियन या लिनक्स वितरणाने हे काम २०१३ पासून चिकाटीने चालवलं आहे आणि त्याच्या चाचण्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पॅकेजं अशी पुन्हा जशीच्या तशी बांधता येतात. मेसेज पाठवायच्या सिग्नल या अँड्रॉइड ॲपचा असा पडताळा २०१६ पासून करता येतो. ‘एवढं तपासत बसायला वेळ कुणाला आहे?’ असं मला विचारतात. सगळ्यांनी तपासायची गरजच नाही. एकमेकांशी लागेबांधे नसलेले चार जण तपासत असले तरी पुरे. एक ठसा चुकला की बोंब होते. सोलरविंड्ससारखी चोरी अशा दुसऱ्या, स्वतंत्र बिल्डने उघडी पडली असती. एक्सझेडची पडली नसती, कारण तिथे घाण बांधणीच्या आधीच शिरली होती. तिथेही उपाय त्याच जातीचा आहे. प्रकाशनाचा गठ्ठासुद्धा सर्वांसमोरच्या कोडपासून पुन्हा बनवून जुळवता आला पाहिजे.

हे सारं वर्तमानपत्रात मांडायचं कारण असं, की आता सातबारापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं सॉफ्टवेअरच्या हातात आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड सरकारने खुला केला, ते चांगलंच झालं. पण कोड प्रसिद्ध करणं वेगळं आणि आपल्या फोनमधलं ॲप त्याच कोडचं आहे हे बाहेरच्या माणसाला ताडता येणं वेगळं. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी द्यावी, याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेही योग्य पाऊल. मात्र पिठाच्या पाकिटावर घटक छापले म्हणून आत तेच आहे, असं कुठे सिद्ध होतं?

म्हणून राज्य सरकारच्या सॉफ्टवेअरच्या निविदांत एक कलम वाढवावं, अशी माझी मागणी आहे. कंत्राटदाराने तयार तुकडे खुशाल वापरावेत, बिल्ड वाटेल तितका वेगात करावा. पण कोड, कंपायलरची नेमकी आवृत्ती आणि बांधणीची कृती त्याने सरकारच्या हवाली करावी. त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संस्थेने, मग ते एखादं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय का असेना, ती प्रणाली पुन्हा बांधावी. कोड गोपनीय असेल तर गोपनीयतेचा करार करून बांधावी. दोन ठसे जुळले तर शेवटचा हप्ता द्यावा. नाही जुळले तर फरक कशाचा, याचं उत्तर येईपर्यंत बिल अडवून ठेवावं. बिल्डमधली मिनिटं वाचवायला आमचा धंदा इतकी डोकी लावतो. त्यातलं थोडं डोकं या कलमासाठी लावायला कंत्राटदारांना जड जाऊ नये.