वरळी कुणाची?



वरळीचा इतिहास विचारा, लोक किल्ल्याकडं बोट दाखवतात. सात बेटांतलं एक बेट, मग अठराव्या शतकात हॉर्नबीचा बांध, मग सी-फेस, 2009 ला सी-लिंक, 2024 ला कोस्टल रोड. ही दगडासिमेंटची वंशावळ झाली. माणसं कुठायत?

माणसं जांबोरी मैदानाच्या भोवती आहेत. 1920 नंतर गोऱ्या सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं मुंबईत 207 चाळी उठवल्या, त्यातल्या 121 एकट्या वरळीत. खोली 160 चौरस फूट. संडास सामायिक. सुरुवातीला कितीतरी खोल्या ओस पडून होत्या. पुढं कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं त्यातल्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला. कैद्याची खोली नि कामगाराची खोली, फरक करायची गरजच पडली नाही!

त्या खोल्यांत कोकणातून, घाटावरून आमची माणसं आली. गिरणीत राबली. तिथंही विणकाम खात्याचं दार बंद, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा नि आमच्या तोंडानं सवर्णाचा धागा बाटायचा. जात गावात सोडून आलो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चाळीतसुद्धा ती नळावर उभी होती. पण एका गॅलरीत वीस बिऱ्हाडं. कुणाचं पोर तापलं तर अख्खा माळा जागा. एकीकडं हे, दुसरीकडं 1974.

त्या वर्षी 5 जानेवारीला वरळीत पँथरची सभा होती. पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारायचा होता. सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या. दंगल पेटली. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीनं गेला. 10 तारखेच्या निषेध मोर्चात वरून टाकलेल्या पाट्यानं भागवत जाधवचा बळी घेतला. मग न्यायमूर्ती भस्मे आयोग बसला. आयोग बसतात, उठतात. वरळीच्या पर्यटनपत्रकात ही दोन नावं शोधून दाखवा, मी पैज हरतो.

कोळीवाड्याची गोष्टही वेगळी नाही. हे आमचे शेजारी तर बांधाच्याही आधीचे. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवलं होतं. त्यातून भरतीच्या वेळी होड्या काढायच्या कशा? कोळी समुद्रात होड्या घेऊन काम अडवायला उतरले, तेव्हा कुठं 120 मीटर पदरात पडले. मागत होते 200.

आता चाळी पाडून टॉवर होताहेत. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. घ्याव्यातच! शंभर वर्षं सामायिक संडासापुढं रांग लावलेल्या बाईला चाळसंस्कृतीचे उमाळे ऐकवणारे साहित्यिक स्वतः ब्लॉकमध्ये राहतात. आमचं भांडण वेगळं आहे. लिफ्टचा, पंपाचा खर्च निवृत्त झाडूवाल्याच्या पेन्शनीतून किती वर्षं निघणार? नाही निघाला की घर विकून तो विरारच्या पुढं, नि सी-फेसची हवा खायला दुसराच कुणी. सी-लिंकवर तर पायी माणसाला आणि दुचाकीला आधीच बंदी आहे.

नव्या आराखड्यात गाड्या उभ्या करायला जागा आहे. जयंतीची मिरवणूक कुठून निघणार, सभा कुठं भरणार, देवरुखकर नि जाधवची नावं कोणत्या भिंतीवर लागणार, ते दाखवा. चाव्या घेताना प्रत्येकानं हे विचारायचं. लेखी विचारायचं.