वहीने गाणी म्हटली तेव्हा

परवा माळ्यावरची पेटी आवरताना जुना ऑर्गनायझर सापडला. तळहातावर मावणारा, काचेवर काडीने टोचत लिहायचा तो. २००५ साली पुण्याच्या भाच्याने स्वतःला नवा घेतला आणि हा मला दिला. "मामा, शाळेचं वेळापत्रक, पत्ते, हिशेब, सगळं यात ठेवा." महिनाभर ठेवलंही. मग एके दिवशी लक्षात आलं की याला हेडफोनचं भोक आहे आणि कडेला कार्डाची खाचही आहे. झालं! वेळापत्रक परत वहीत गेलं आणि ऑर्गनायझर गाणी म्हणू लागला.

कामाच्या यंत्राचं असं खेळणं करू नये, असं स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांचं मत पडलं. माझं मत तेव्हाही उलट होतं, आजही आहे. वस्तू कशासाठी बनवली हे बनवणाऱ्याने सांगावं, पण ती कशी वापरायची ते ज्याच्या हातात आहे त्याने ठरवावं. आपल्या घरात जुन्या लुगड्याची गोधडी होते आणि तेलाच्या डब्यात तुळस लागते, तेव्हा आपण कुणाची परवानगी काढतो? १९९६ साली पामपायलट आला तो पत्ते आणि भेटीगाठी सांभाळायला. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला तो गाण्यांसाठी. आज दोन्ही बंद झाले आहेत आणि दोघांची कामं खिशातला मोबाइल करतो. म्हणजे आमचं खेळणं काही अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

गंमत होती ती जागेच्या तुटवड्यात. माझं कार्ड २५६ एमबीचं. नेहमीच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे जेमतेम सव्वाचार तास. गीतरामायणाची ५६ गाणी काही त्यात बसेनात. मग भाच्याने युक्ती सांगितली, निम्म्या दर्जाची आणि मोनो फाइल करा, दुप्पट बसतील. केली. थोडं खरखरीत वाटलं, पण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत लागायचं, ते लोकांनी रेडिओवर असंच तर ऐकलं होतं! नवं काही भरायचं तर जुनं पुसावं लागे. काय ठेवायचं, याचा विचार करावा लागे. आज मोबाइलवर कोट्यवधी गाणी आहेत आणि मी दोन कडवी ऐकून पुढे ढकलतो. शिवाय महिन्याचे पैसे भरणं थांबलं की त्यातलं काहीच आपलं राहत नाही. माझं कार्ड मात्र माझं होतं.

आता नको ते सांगतो. या यंत्रात आवाजही भरता यायचा. त्याच वर्षीच्या दिवाळीत आईला जात्याजवळ बसवून मी तिच्या ओव्या भरून घेतल्या. दळायला काही नव्हतं, पण जातं फिरवल्याशिवाय तिला शब्द आठवेनात, म्हणून मूठभर जोंधळे टाकले. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. मला ते ऐकवेना. यंत्र कपाटात ठेवून दिलं.

त्या काळच्या बहुतेक ऑर्गनायझरची आतली स्मृती बॅटरीवर जगायची. बॅटरी पूर्ण उतरली की सगळं कोरं. हे मला माहीत होतं. वैरागला तेव्हा लोडशेडिंग होतं खरं, पण दोष विजेला देणार नाही. महिनोन्‌महिने मीच चार्जिंगला लावला नाही. पुढे लावला, तेव्हा तो नवा कोरा होऊन उठला. कार्डावरचं गीतरामायण जसंच्या तसं होतं. ओव्या आतल्या स्मृतीत होत्या. एकदा काडी टोचून त्या कार्डावर हलवायच्या राहिल्या होत्या.

गीतरामायण कुठेही मिळेल. आईच्या ओव्या माझ्याचकडे होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याचं मोल मला तेव्हा कळलं.

म्हणून माझं मत एवढंच, यंत्र हवं तसं वापरा, पण जे बाजारात मिळत नाही ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. भाचेमंडळींनो, मावशीचा आवाज तुमच्यापैकी कुणाच्या मोबाइलमध्ये असेल, तर त्याची एक प्रत आजच मला पाठवा.