आधी कागदावर!



माझ्या टेबलाच्या खणात एक जुना कॅमेरा आहे. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असा कॅमेरा हातातही घेतला नसेल, कारण आता घरोघरी मोबाइल आहेत. पण २०११ साली मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत शिक्षणसेवक होतो. पैसे साठवून हा कॅमेरा घेतला, तेव्हा सगळी शाळा बघायला गोळा झाली होती.

वापरायला अगदी सोपा. बटण आधी अर्धं दाबायचं, पडद्यावर हिरवा चौकोन दिसला की पूर्ण दाबायचं. झाला फोटो! रोलच्या कॅमेऱ्यात ३६ फोटो झाले की रोल स्टुडिओत धुवायला द्यावा लागे. इथे रोलच नाही. त्याच्या जागी टपाल तिकिटाएवढं एक कार्ड.

बिनरोलाचा असा पहिला कॅमेरा कुणी बनवला, माहीत आहे? अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने, १९७५ साली. त्याचं वजन साडेतीन किलोच्या पुढे होतं, आणि एकच काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत! कॅसेट असो की कार्ड, त्यात कागदावरच्यासारखं चित्र नसतं बरं का. तिथे असते चित्राची आकड्यांत केलेली नोंद. आणि नोंद पुसली जाऊ शकते. हे मी कसं शिकलो, ते ऐका.

आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं दरवर्षी ऊस तोडायला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील जात असतील. त्या वर्षीही दिवाळीनंतर गावातले कोयते निघाले. मी नवंकोरं कार्ड घालून कॅमेरा घेऊन गेलो आणि ट्रकजवळ एकेका कुटुंबाचा फोटो काढला. पोरं आजीजवळ राहणार, आईवडील पाच-सहा महिने कारखान्यावर. म्हटलं, जवळ फोटो असला तर बरं वाटेल.

पहिल्याच ट्रकमध्ये माझ्या तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील होते. तो दुसऱ्या दिवसापासून रोज विचारायचा, “सर, मायचा फोटू आला का?”

“बीडला गेलो की आणतो,” मी म्हणायचो. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता डिसेंबर संपला. तेवढ्यात सहलीचे, खेळाच्या स्पर्धांचे फोटो आणि दोन-तीन लांबलचक व्हिडिओ, यांनी कार्ड भरून गेलं.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीचा कार्यक्रम होता. कॅमेरा म्हणाला, ‘कार्ड भरले आहे.’ घाईघाईत मी कार्ड फॉरमॅट करून टाकलं. वाटलं, जुने फोटो भावाच्या कॉम्प्युटरवर उतरवलेले आहेत. कार्यक्रमाचे १४ फोटो काढले आणि मग एकदम आठवलं. उतरवले होते ते आधीच्या कार्डातले! छातीत धस्स झालं.

दुसऱ्या दिवशी बीडच्या एका स्टुडिओत धावलो. तिथले काका म्हणाले, “गुरुजी, आता या कार्डावर एकही फोटो काढू नका.” आणि त्यांनी मला छान समजावलं.

समजा, तुमच्या वहीची अनुक्रमणिका कुणी फाडली. धडे जातात का? नाही. ते आतल्या पानांवर असतातच, फक्त सापडत नाहीत. कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा एवढंच होतं. पण कॅमेऱ्याला वाटतं, वही कोरी आहे! मग तो पहिल्या पानापासून नवं लिहायला लागतो. ज्या पानावर नवं लिहिलं, तिथलं जुनं मात्र कायमचं गेलं.

काकांनी कॉम्प्युटरवर दोन तास खटपट केली. जवळजवळ सगळे फोटो परत मिळाले. गेले ते सुरुवातीचे. म्हणजे कुठले, आलं ना लक्षात? पहिल्या ट्रकचे!

बाकीच्या मुलांना फोटो वाटले तेव्हा तो मुलगा हात पुढे करून उभा होता. मी त्याला खरं ते सांगितलं. “चूक माझी आहे, बाळा.” तो काहीच बोलला नाही. जागेवर जाऊन बसला आणि पाटीवर रेघोट्या ओढत राहिला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पाडव्यानंतर त्याचे आईवडील परत आले. त्याच दिवशी मी कॅमेरा घेऊन घरी गेलो. फोटो काढून निघालो, तर तो मागून पळत आला. “सर, आता आधी कागदावर काढा!”

तिसऱ्या दिवशी फोटो त्याच्या हातात होता. पाठीमागे त्याने स्वतःच्या अक्षरात आईचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तारीख लिहिली.

मुलांनो, मोबाइलमधले फोटोही असेच नोंदींचे असतात. पुसलेला फोटो काही दिवस वेगळ्या कप्प्यात राहतो. तिथूनही गेला, तर परत मिळणं फार कठीण. शिवाय मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो.

म्हणून या रविवारी एक काम करा. आईबाबांजवळ बसा, घरातल्या माणसांचे फक्त पाच फोटो निवडा आणि कागदावर काढून आणा. मागे पेन्सिलने नावं आणि तारीख लिहा. पालकांनो, तुम्हालाही सांगतो, ‘उद्या आणू’ म्हणू नका. तो ‘उद्या’ मला फार महाग पडला.

तुमचे,
गुरुजी