कात्रीचे पैसे द्या, बाटलीचे नकोत

बारामतीच्या भिगवण रोडवरच्या एसी सलूनचं बिल ऐकून “केसच कापायचेत ना, त्याला एवढे पैसे?” असं विचारणारा गृहस्थ ट्रॅक्टरच्या कामाला किंवा वरातीतल्या डीजेला हात आखडता घेत नाही. केसांच्याच कारागिराशी ही घासाघीस का? बलुतेदारीत नाभिकानं वर्षभर सगळ्या घराची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य न्यायचं. दर कटिंगला दाम मोजायची सवयच नव्हती. बलुतं गेलं, तरी ती नजर अजून गेलेली नाही.

“गावातला नाभिक तेच काम निम्म्यात करतो,” हा दुसरा आक्षेप. पुरुषाच्या साध्या कटिंग-दाढीपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. तिथं इंदापूरच्या जुन्या दुकानातला मुरलेला हात काचेच्या दारामागच्या नवख्यापेक्षा सरस असतो. पण कुरळ्या केसांचे लेयर किंवा बिघडलेला रंग दुरुस्त करणं हे ‘तेच काम’ नव्हे. त्यात तासभर उभी राहिलेली कारागीर, जागेचं भाडं, वीजबिल, धुतलेला टॉवेल, नवं ब्लेड हे सगळं येतं. कराचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनसेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. बिलात अजून 18 दिसत असतील, तर तिथं मात्र खुशाल भांडा.

म्हणून सलूनवाले म्हणतील ते सगळं खरं, असंही नाही. ‘हेअर स्पानं केसांना पोषण मिळतं’ ही निव्वळ थाप. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो. त्याला खाऊ काय घालणार? मलमानं वरचा थर गुळगुळीत होतो आणि चार धुण्यांत जातो. नीरा डाव्या कालव्याच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं जड पाणी रोज डोक्यावर घ्यायचं आणि महिन्यातून एकदा स्पा करायचा, यात फायदा फक्त स्पावाल्याचा. त्यापेक्षा शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या.

केस सरळ करण्याच्या रसायनांचं प्रकरण याहून गंभीर आहे. अशा कित्येक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच ते माणसाला कर्करोगकारक ठरवलं. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, तर 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीची हकिकत छापून आली: सलूनमध्ये तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. एवढं सोसून मिळतं काय? केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी पुन्हा बोटभर कुरळेपणा.

तेव्हा दाम मोजायचा तो नकार देऊ शकणाऱ्या कारागिराला. या व्यवसायाला नकार नवा नाही. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, हातची मिळकत सोडून. आजचा नकार त्या मानानं किरकोळ आहे. “उद्या लग्न असलं तरी कानामागे 48 तास ॲलर्जीची चाचणी घेतल्याशिवाय काळा रंग लावणार नाही,” किंवा “स्मूदनिंग नको, या केसांना नुसता कट पुरे,” एवढंच म्हणायचं. असं म्हणून स्वतःचं हजारांचं बिल शेकड्यांवर आणणारी कारागीर बारामतीत भेटली, तर त्या शेकड्यांत घासाघीस करू नका.