रिकाम्या पाइपातलं पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात एका आजाराचं नाव घराघरांत पोचलं. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. आधी जुलाब, उलट्या, पोटदुखी. माणूस त्यातून सावरतो, आठवडा-दोन आठवडे जातात आणि मग पायांना मुंग्या येऊ लागतात. जिना चढवत नाही, हातातला पेला धरवत नाही. पोटातल्या जंतूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरातल्या नसांवर तुटून पडलेली असते. काहींचे श्वासाचे स्नायूही थकतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. त्या साथीत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही जण दगावले.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले. त्यांतल्या काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे. साहजिकच सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. पण तिकडे खडकवासला धरणाचं पाणी नांदेडच्या विहिरीत घ्यायचं, ब्लिचिंग टाकायचं आणि नळांना सोडायचं, एवढीच व्यवस्था होती. पाणी गाळून शुद्ध करणारं केंद्र मध्ये नव्हतंच.

केंद्र हवंच, त्यात वाद नाही. पण केंद्रातून निघालेलं शुद्ध पाणी आपल्या नळापर्यंत शुद्ध पोचतं का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मला त्याच शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं, कुठे एक दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. उरलेला वेळ जमिनीखालचा पाइप रिकामा पडून असतो. अनेक ठिकाणी त्याच खड्ड्यात किंवा अगदी शेजारून ड्रेनेजची लाइन गेलेली असते. पाइपात दाब असतो तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरचं पाणी आत शिरतं. सकाळी नळ सुटला की आधी नुसती हवा फसफसते, मग मातकट धार येते, मग पाणी नितळ होतं. पहिली बादली सोडून द्यायची, हे आपल्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. पण रात्रभरात पाइपात काय काय शिरलं, ते त्या पहिल्या बादलीने सांगितलेलं असतं. नितळ धारेतले विषाणू तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं, बाकीच्यांना जुन्याच पद्धतीने. दोन्हीकडच्या नळांचे नमुने अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई कोलाय हे जिवाणू होते. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ते प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. शहर एकच. फरक पाइप भरलेला राहण्याचा होता.

पाण्यात सांडपाणी मिसळलं की काय होऊ शकतं? २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ई प्रकारच्या काविळीची. हिचा विषाणू सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात येतो. धडधाकट माणूस यातून सहसा बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत बायका जिवाला मुकू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईने पेलाभर पाणी प्यावं आणि त्यातून तिच्या जिवावर बेतावं, याला नशीब म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

यावर मध्यमवर्गाने आपला उपाय शोधला आहे. घरात आरओ, ऑफिसात जार. पण पुण्यातल्या जीबीएसच्या साथीच्या काळात महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांचं पाणीही दूषित निघालं आणि ते बंद करावे लागले. शिवाय घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या वस्तीतला सार्वजनिक नळ आपल्या आरओने शुद्ध होत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच हातात आहे. नळाला थेट मोटार लावणं बंद करा. दाब कमी पडला की मोटार पाइपात ओढ निर्माण करते आणि त्या ओढीने गटाराचं पाणी सांध्यातून आत येतं. आपली टाकी लवकर भरते, पण तेच पाणी शेजारच्याच्या हंड्यातही पडतं.

आता मागणीकडे येतो. पाण्यात जंतू मारून झाल्यावर थोडं क्लोरीन शिल्लक राहायला हवं. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. वाटेत सांडपाणी मिसळलं की हे क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, म्हणून नळाशी ते नसणं हाच धोक्याचा इशारा असतो. ही तपासणी अगदी सोपी आहे. गावाकडे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ती करताना मी पाहिलं आहे. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, ऑर्थोटोलिडीन (ओटी) या रसायनाचे थेंब टाकले, नळी हलवली. पाहता पाहता पाणी फिकट पिवळं झालं. क्लोरोस्कोप या उपकरणावरच्या रंगाशी जुळवून त्याने आकडा वहीत लिहिला आणि तो पुढच्या नळाकडे गेला. पाणी बिनरंगाचंच राहिलं असतं, तर गडबड तिथल्या तिथे कळली असती. राज्यातल्या ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचं पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होतं आणि धोका किती आहे त्यानुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कुठलं कार्ड मिळालं, हे ग्रामसभेत विचारता येतं.

शहरातही असंच विचारता आलं पाहिजे. टाकीजवळचा आकडा मला नको. माझ्या वॉर्डातल्या सगळ्यात लांबच्या नळाला, चढावरच्या चाळीत, वस्तीच्या टोकाला आज सकाळी क्लोरीन किती होतं, ते वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर रोज लिहिलं जावं. आकडा शून्य असेल, तर त्याच दिवशी तिथे टँकर जावा, गळती शोधावी, लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं. नगरसेवक मतं मागायला दारात येतील, तेव्हा रस्ता आणि दिव्याच्या आधी हा आकडा विचारा. पाणीपट्टी भरणाऱ्याचा आणि सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्याचा त्यावर सारखाच हक्क आहे.